विंडोज ९८ पहिल्या रीस्टार्टनंतर पडतंय? सीडी बदलायच्या आधी हे करून बघा

गेल्या काही महिन्यांत मला हाच प्रश्न चार-पाच जणांनी विचारलाय आणि सगळ्यांचं वर्णन जवळपास शब्दाला शब्द सारखं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) नवीन मशीन बनवलं, विंडोज ९८ ची सीडी लावली, फॉरमॅट झालं, फाइली कॉपी झाल्या, ती निळी स्क्रीन आणि त्यावरची "विंडोजमध्ये नवीन काय" वाली चित्रं पण येऊन गेली, मग मशीन रीस्टार्ट झालं आणि तिथून पुढे सगळं बिनसलं. कुणाला काळ्या स्क्रीनवर "विंडोज प्रोटेक्शन एरर, यू नीड टू रीस्टार्ट युवर कॉम्प्युटर" येतंय, कुणाचं हार्डवेअर शोधताना अडकतंय, आणि कुणाचं नशिबानं डेस्कटॉपपर्यंत पोचतं पण तिथे एक्सप्लोरर नाहीतर रनडीएलएल३२ "इलीगल ऑपरेशन" म्हणून बंद पडतं, ओके दाबा, परत तेच, परत ओके, परत तेच.

आणि सगळे जण पहिली शंका सीडीवरच घेतात. मी पण घेतली होती. घरातली मूळ सीडी ओरखड्यांची, तर वाटलं तिचाच दोष, म्हणून ओळखीच्या एकाकडून त्याची सीडी आणली, तिची नीट आयएसओ, म्हणजे सीडीची फाइलरूपातली प्रत, काढली, रॅम कमी केली, वाढवली, डिस्क नवीन केली, आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास घालवून त्याच ठिकाणी येऊन थांबलो. आठ-नऊ वेळा केलं असेल. म्हणून आधीच सांगतो, तुमचा लॅपटॉप गेल्या चार-पाच वर्षांतला असेल आणि वर लिहिलेलं जुळत असेल तर सीडी बहुतेक चांगली आहे. अडचण नव्या प्रोसेसरची आणि जुन्या विंडोजमधल्या एका चुकीची आहे आणि तिच्यावर इलाज आहे.

हे सगळं कशासाठी, तर माझ्या मामांचा सांगलीजवळ डीटीपीचा छोटा धंदा होता. लग्नपत्रिका, यात्रेच्या पावत्या, शाळांच्या स्मरणिका, आणि दरवर्षी एक दिवाळी अंक, तो त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून सात वर्षं काढला. सगळं काम विंडोज ९८ वर, पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये. छापील अंक काही पुरात गेले, काही लोकांनी नेले ते परत आले नाहीत, पण जुन्या हार्ड डिस्कवर फाइली शिल्लक होत्या. मामा म्हणाले, "अरे, त्या उघडतात का बघ एकदा, मला नुसतं पानं बघायचीयेत." आता ज्यांनी त्या काळातलं मराठी टायपिंग बघितलंय त्यांना माहितीये की हे वाटतं तितकं सोपं नाही.

तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच ठरलेल्या पद्धतीचे, नव्हते. पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम असो, श्रीलिपी असो, आकृती असो, प्रत्येकाची अक्षरं बसवायची पद्धत वेगळी. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर मराठीचे तुकडे बसवलेले, म्हणजे कुठे अर्धा क, कुठे नुसता काना, कुठे रफार. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, फॉन्ट लावला की ती मराठी दिसते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते विंडोज २००० पासून, आणि त्यानंतरही छपाईवाले कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टवर काम करत राहिले कारण सगळा जुना माल त्यात होता. आता कन्व्हर्टर मिळतात, मजकूर युनिकोडमध्ये आणून देतात, पण पानाची मांडणी, चौकटी, कवितेच्या बाजूचं रेखाचित्र, हे कन्व्हर्टर आणून देत नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या प्रोग्रामच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडायच्या, पुढच्यांनी ते बंद केलं. म्हणून पान जसं होतं तसं बघायचं तर त्याच विंडोजमध्ये, त्याच पेजमेकरमध्ये, त्याच फॉन्टसकट उघडणं हाच मला सरळ रस्ता वाटला.

तर आता कारण. हे समजून घ्या, कारण एकदा हे कळलं की पुढच्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात.

व्हर्च्युअलबॉक्सला आपण बोलताना इम्युलेटर म्हणतो, पण ते प्रोसेसरची नक्कल करत नाही. डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड यांची नक्कल करतं, पण विंडोज ९८ चे प्रोग्राम चालतात ते तुमच्या खऱ्याखुऱ्या प्रोसेसरवर. म्हणजे १९९८ चं सॉफ्टवेअर थेट आजच्या चिपवर. आणि प्रत्येक प्रोसेसरमध्ये टीएलबी नावाची एक छोटी नोंदवही असते, मेमरीचं कुठलं पान खरं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता तिच्यात लिहिलेला असतो.

समजा एका मोठ्या वाड्यात पोस्टमन रोज पत्रं टाकतो. कोण कुठल्या खोलीत राहतं हे दरवेळी मालकाच्या चोपडीत बघायला नको म्हणून त्याने खिशात एक चिठ्ठी ठेवलीये. भाडेकरूंनी खोल्या बदलल्या की मालकाने पोस्टमनला सांगायला पाहिजे, बाबा जुनी चिठ्ठी फाड, नवीन बघून घे. विंडोज ९५, ९८ आणि एमई (मिलेनियम), या तिन्हींच्या आतल्या भागात काही ठिकाणी हे सांगायचं राहून गेलंय. त्या काळच्या प्रोसेसरची चिठ्ठी इतकी लहान असायची की जुनी नोंद तशीही पुसली जायची, त्यामुळे चूक कधी उघडी पडली नाही. आताच्या प्रोसेसरची चिठ्ठी मोठी आहे आणि नोंद जास्त वेळ टिकते, म्हणून पत्र जुन्याच खोलीत पडतं, म्हणजे विंडोज मेमरीच्या चुकीच्या जागेवरचं काहीतरी वाचतं आणि कोलमडतं. त्यामुळेच हे पडणं दरवेळी वेगळ्या ठिकाणी होतं, आज हार्डवेअर शोधताना, उद्या डेस्कटॉपवर, आणि माणसाला वाटतं की सीडी खराब आहे किंवा रॅम खराब आहे.

एएमडीच्या रायझन मालिकेतल्या बऱ्याच नव्या चिप आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर यांच्यावर हे हमखास दिसतं. म्हणून "माझ्या जुन्या लॅपटॉपवर हीच आयएसओ मस्त चालायची" असं लोक सांगतात ना, ते खरंच असतं. सीडी तीच, व्हर्च्युअलबॉक्स तेच, फक्त खालचा प्रोसेसर बदललाय.

इथे एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण माझा एक पूर्ण रविवार तिच्यात गेला. प्रोटेक्शन एरर हा एकच संदेश विंडोजने कितीतरी वेगवेगळ्या कारणांसाठी वापरलाय. शोधलं की सगळ्यात आधी जुने उपाय समोर येतात, ते विंडोज ९५ चे. तिथे अडचण वेगळी होती. विंडोज ९५ सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजायला एक रिकामं वेटोळं फिरवायचं, एएमडीच्या के६-२ च्या ३५० मेगाहर्ट्झ आणि वरच्या चिप ते इतक्या झटकन संपवायच्या की मोजलेला वेळ शून्य निघायचा, आणि शून्याने भागायला गेलं की खेळ खलास. तसाच प्रकार पुढे २.१ गिगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर नेटवर्कच्या भागात झाला. त्याचे पॅच (दुरुस्तीचे तुकडे) वेगळे आहेत, ते ९८ वर टाकून ही आपली टीएलबीची अडचण जाणार नाही. दुसरा जुना सल्ला म्हणजे "सेटिंगमध्ये जाऊन व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, म्हणजे हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन) बंद करा". तोही आता चालत नाही, कारण डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनशिवाय चालायची सोयच काढून टाकलीये.

आता रस्ते दोन. एक, विंडोजमधली चूकच दुरुस्त करायची. दोन, खरा प्रोसेसर न वापरता प्रोसेसरचीही नक्कल करणारा इम्युलेटर घ्यायचा, म्हणजे ८६बॉक्स, किंवा क्यूएमू त्याच्या शुद्ध नक्कल मोडमध्ये. मी दोन्ही करून बघितलं. पेजमेकरच्या कामाला मला पहिला रस्ता बरा वाटला कारण वेग चांगला मिळतो.

पहिला रस्ता. पॅचर९एक्स नावाचं एक मोफत साधन आहे, जेएचरोबोटिक्स या नावाने ते गिटहब या प्रोग्राम वाटायच्या साइटवर ठेवलेलं आहे. ज्याने हे लिहिलंय त्याचे खरंच आभार मानले पाहिजेत, इतकं खोल जाऊन चूक शोधणं आणि ती इतक्या जुन्या सिस्टिमसाठी दुरुस्त करून लोकांना फुकट देणं ही सोपी गोष्ट नाही. त्याची बूट होणारी फ्लॉपी इमेज मिळते, ती उतरवून ठेवा.

मशीन बनवताना प्रकार विंडोज ९८ निवडा. रॅम २५६ एमबी द्या, जास्त नको. हौसेने २ जीबी देणारे खूप आहेत आणि मग वेगळीच अडचण ओढवून घेतात, ५१२ एमबीच्या वर गेलं की विंडोज ९८ चा डिस्क कॅश इतका फुगतो की "मेमरी पुरेशी नाही" अशी उलटी तक्रार यायला लागते. त्याला सिस्टिम.आयएनआय मधल्या व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅश ठरवून देणं हा उपाय आहे, पण मुळात २५६ दिलं की हा प्रश्नच येत नाही, पेजमेकरला ती रॅम रग्गड झाली. प्रोसेसर एकच, विंडोज ९८ ला दुसरा दिसतच नाही. डिस्क ४ जीबीची करा, आणि डिस्कच्या फाइलचा प्रकार निवडताना नेहमीचा व्हीडीआय न घेता व्हीएचडी घ्या, ठरावीक आकाराची. का ते फाइली बाहेर काढताना सांगतो. फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला असू द्या आणि बूट क्रमात फ्लॉपी सगळ्यात वर.

सीडीवरून बूट करा, सीडी-रॉम सपोर्टसह सुरू करा असा पर्याय येतो तो घ्या. एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्राम, चालवा, मोठ्या डिस्कचा सपोर्ट पाहिजे का विचारतो तिथे वाय म्हणा, पार्टिशन करा, आणि मग मशीन रीस्टार्ट करा. हे रीस्टार्ट विसरू नका, ते केल्याशिवाय फॉरमॅट सी चालत नाही आणि लोक इथेच गोंधळतात. आणखी एक गोंधळ ड्राइव्हच्या अक्षरांचा. ती बूट डिस्क रॅममध्ये एक तात्पुरता ड्राइव्ह बनवते, त्यामुळे सी म्हणजे तुमची डिस्क, डी म्हणजे तो तात्पुरता ड्राइव्ह, आणि सीडी जाते ई वर. डी वर सेटअप शोधत बसलात तर सापडणार नाही.

फॉरमॅट झालं की लगेच सेटअप सुरू करू नका. आधी सी वर विन९८ नावाचा फोल्डर करा आणि सीडीवरच्या विन९८ फोल्डरमधलं सगळं त्यात कॉपी करून घ्या, मग सेटअप तिथून चालवा. पाच मिनिटं जास्त जातात पण पुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकताना "सीडी घाला, सीडी घाला" हा त्रास आयुष्यभरासाठी जातो.

सेटअप त्याच्या गतीने जाऊ द्या. फाइली कॉपी होतील आणि तो म्हणेल आता कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. इथे थांबायचं. हाच तो क्षण आहे, सगळी गंमत इथेच आहे. रीस्टार्ट व्हायच्या आत पॅचर९एक्सची फ्लॉपी इमेज मशीनला लावा, म्हणजे ते हार्ड डिस्कवरून न उठता फ्लॉपीवरून उठेल. काळ्या स्क्रीनवर पॅच९एक्स असं टाइप करून एंटर दाबा (इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मध्ये जागा न सोडता, नऊ आकड्यात). तो विंडोज कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते विचारतो, तुम्ही बदललं नसेल तर सी वरचा विंडोज फोल्डर हेच उत्तर बरोबर असतं, मग कुठले पॅच लावायचे ते विचारतो, तो स्वतः सुचवतो तेच राहू द्या. काही सेकंदांत काम होतं. आत काय होतं तर व्हीएमएम नावाचा विंडोजचा जो गाभ्याचा भाग, त्यात ती "जुनी चिठ्ठी फाड" म्हणायची विसरलेली सूचना घातली जाते.

मग फ्लॉपी काढा. हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण फ्लॉपी लावलेलीच राहिली तर मशीन परत परत फ्लॉपीवरच उठेल आणि वाटेल की काही झालंच नाही. काढा आणि रीस्टार्ट करा. आता नाव विचारेल, लायसन्स दाखवेल, प्रॉडक्ट की मागेल, हार्डवेअर शोधेल, दोन-तीनदा रीस्टार्ट होईल आणि डेस्कटॉप येईल. मला पहिल्यांदा तो आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि तो सुरुवातीचा आवाज ऐकून मी उठून आईला हाक मारली, इतका आनंद झाला.

ज्यांचं इन्स्टॉलेशन आधीच अर्ध्यावर पडलंय त्यांनी सगळं पुसून परत सुरू करायची घाई करू नये. त्याच मशीनला फ्लॉपी लावा, पॅच चालवा, बऱ्याचदा तिथूनच पुढे सुरू होतं. डेस्कटॉपपर्यंत पोचलेलं पण सतत पडणारं विंडोजही पॅच लावल्यावर शांत होतं, फक्त पडता पडता रजिस्ट्री बिघडली असेल तर मात्र नवीन टाकलेलं बरं.

प्रॉडक्ट कीचं विचारतात म्हणून सांगतो, मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ ला बंद केला, पण लायसन्स त्यामुळे मोकळं झालं असं नाही. जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी आणि त्या पाकिटावरची की घरात असते बहुतेकांच्या, माळ्यावर शोधा, तीच वापरा. शक्यतो सेकंड एडिशन, १९९९ वालं.

डेस्कटॉप आला तरी स्क्रीन ६४० बाय ४८० आणि १६ रंगात असेल, त्यात पेजमेकरचं पान बघणं अशक्य. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अॅडिशन्स (आतल्या विंडोजसाठी त्यांनी दिलेले ड्रायव्हर) विंडोज ९८ साठी नाहीतच, त्यामुळे मेनूतून ते टाकायचा प्रयत्न करू नका. नुसतं मोठं आणि पूर्ण रंगाचं चित्र हवं असेल तर व्हीबीईएमपी हा व्हेसा हे सामायिक मानक पाळणाऱ्या सगळ्या ग्राफिक्स कार्डांवर चालणारा ड्रायव्हर पुरतो. खेळ वगैरे चालवायचे असतील, थ्रीडी हवं असेल, तर सॉफ्टजीपीयू बघा, तो पण त्याच पॅचर९एक्सवाल्याचा आहे.

आवाज हवा असेल तर ऑडिओमध्ये साउंड ब्लास्टर १६ निवडा. आणि एक, विंडोज ९८ काहीच करत नसताना पण प्रोसेसरला विश्रांती देत नाही, लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागतो, घाबरू नका, बिघाड नाही. त्या काळातलं रेन नावाचं छोटं युटिलिटी टाकलं की थांबतं.

काहींना, क्यूएमूवाल्यांना जास्त करून, वेगळीच अडचण येते. डेस्कटॉप येतो पण नेटवर्क, आवाज, काहीच सापडत नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये "प्लग अँड प्ले बायोस" पुढे पिवळं चिन्ह दिसतं. त्याच्यावर डबल क्लिक करा, ड्रायव्हर अपडेटमध्ये जाऊन यादीतून स्वतः निवडतो म्हणा, सगळं हार्डवेअर दाखवा आणि "पीसीआय बस" निवडा. ऐकायला विचित्र वाटतं पण हेच बरोबर आहे, विंडोजला पीसीआयचा रस्ताच सापडलेला नसतो म्हणून त्या रस्त्यावरची घरं दिसत नाहीत. रीस्टार्ट केलं की एकामागून एक सगळी उपकरणं सापडायला लागतात.

अजून एक, खालच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसत असेल तर तुमच्या आताच्या विंडोजचं हायपर-व्ही (तिची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यावरून चाललंय, फार हळू वाटेल.

आता दुसरा रस्ता, ८६बॉक्स. हा खरा इम्युलेटर. यात आपण अक्षरशः जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून पीसी जोडल्यासारखं करतो, मदरबोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, सगळं निवडायचं. प्रोसेसर पण सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला असल्यामुळे त्याची टीएलबी पण जुन्यासारखी वागते, आणि विंडोज ९८ ला कुठलाही पॅच न लावता ते चालतं. पेंटियम एमएमएक्स २०० किंवा २३३, एस३ चं ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर १६, ६४ किंवा १२८ एमबी रॅम, इतकं घेतलं तर विंडोजच्या सीडीतच बहुतेक ड्रायव्हर असतात. रॉमच्या (जुन्या मदरबोर्ड आणि कार्डांमधल्या चिपवरच्या प्रोग्रामच्या) फाइली वेगळ्या उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात, त्या नसल्या की ते सुरूच होत नाही, पहिल्यांदा वापरणारे इथेच अडकतात. खिडकीच्या वरच्या पट्टीवर टक्के दिसतात ते बघत राहा, १०० च्या आसपास असायला हवेत. ७०-८० वर घसरले तर आवाज तुटायला लागतो, मग प्रोसेसर एक पायरी खालचा निवडा. लोभ करून पेंटियम टू निवडलात तर साध्या लॅपटॉपला ते ओढवत नाही.

अॅपलच्या एम मालिकेचे मॅक वापरणाऱ्यांना तर नक्कल हाच मार्ग आहे, कारण प्रोसेसरच वेगळ्या जातीचा. तिथे क्यूएमूवर आधारलेलं यूटीएम चालतं.

फाइलींच्या देवाणघेवाणीत लोक नेटवर्क शेअरिंगच्या मागे लागतात. नका लागू. विंडोज ९८ ज्या जुन्या पद्धतीने शेअरिंग करतं ती आताच्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी मूळचीच बंद असते आणि बंदच ठेवावी, आणि विंडोज ९८ ला इंटरनेटवर तर अजिबात सोडू नका. आत न्यायचं असेल तर फाइलींची आयएसओ बनवा आणि सीडी म्हणून लावा, हे कधीच फसत नाही. बाहेर आणायचं असेल तेव्हा ती व्हीएचडी कामाला येते. विंडोज ९८ नीट शटडाउन करा, मग तुमच्या विंडोज १० किंवा ११ च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अटॅच व्हीएचडी म्हणा, ती डिस्क पेनड्राइव्हसारखी समोर उघडते, पाहिजे ते कॉपी करा आणि डिटॅच करा. मशीन चालू असताना किंवा नुसतं सेव्ह स्टेट करून ठेवलेलं असताना हे करू नका, दोघांनी एकाच वेळी एका चोपडीत लिहिल्यासारखं होतं आणि फाइल सिस्टिम बिघडते.

आता फॉन्टचं, ज्यासाठी मी हे सगळं केलं. बऱ्याच जणांची समजूत आहे की जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय फाइल उघडणार नाही, आणि त्याचा प्रिंटर पोर्टला लावायचा तो डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे) तर कुठेतरी हरवलेला असतो, म्हणून ते इथेच नाद सोडतात. पण डोंगल लागतो तो टाइप करणाऱ्या प्रोग्रामला. नुसतं पान बघायला आणि छापायला फॉन्टच्या फाइली पुरतात. जुन्या हार्ड डिस्कवरचा विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर सगळाच्या सगळा उचलून आणा. ट्रू टाइप असतील तर कंट्रोल पॅनलमधून सरळ टाकता येतात, पोस्टस्क्रिप्ट टाइप वन असतील तर विंडोज ९८ ला अडोबी टाइप मॅनेजर लागतं, त्याशिवाय ते दिसणार नाहीत.

फाइल उघडताना पेजमेकर कधी कधी पॅनोज फॉन्ट मॅचिंगची चौकट दाखवतो, म्हणजे हा फॉन्ट सापडला नाही, त्याऐवजी हा लावू का. तिथे हरवलेल्या फॉन्टचं नाव कागदावर लिहून घ्या, कारण पुढे शोधायचं तेच नाव आहे. आणि अशी बदली फॉन्टने उघडलेली फाइल चुकूनही सेव्ह करू नका. म्हणून मूळ फाइलींची एक प्रत आधीच बाजूला काढून ठेवा, कामाला दुसरी प्रत घ्या.

पान नीट दिसलं की पीडीएफ करायचं. विंडोज ९८ मध्ये कुठलाही एक पोस्टस्क्रिप्ट (छपाईची पानं लिहायची भाषा) समजणारा प्रिंटर जोडा, यादीत अॅपल लेझररायटरचे बरेच आहेत, पोर्ट म्हणून "फाइल" निवडा, आणि फॉन्ट सोबत पाठवायची सेटिंग चालू ठेवा. प्रिंट दिलं की कागदाऐवजी फाइल तयार होते, ती बाहेर आणून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. दिसायला पान जसंच्या तसं येतं, कवितेच्या ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतात. पण त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, आतून ती अजून जुनी खिचडीच आहे. शोधता येणारा मजकूर हवा असेल तर तो वेगळा काढून कन्व्हर्टरमधून न्यावा लागेल. मी दोन्ही ठेवलंय.

आणि सगळं जमून आलं, ड्रायव्हर बसले, फॉन्ट बसले, की मशीन बंद करून ती अख्खी व्हीएचडी फाइल कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढचा लॅपटॉप घ्याल तेव्हा विंडोज परत टाकायचं नाही, ही फाइल लावायची आणि सुरू करायचं, पॅच आधीच आत आहे.

मामांच्या सात अंकांपैकी सहा उघडले. पहिला उघडला तेव्हा ते खुर्ची ओढून अगदी स्क्रीनला नाक लावून बसले आणि संपादकीयाच्या खालची नावं एकेक करून वाचली, त्यातले तिघे आता नाहीत. सातवा, २००३ चा, शीर्षकांना लावलेला एक फॉन्ट मागतोय जो त्या हार्ड डिस्कवर नाहीये. नाव लिहून घेतलंय, मामींनी सांगितलंय की फ्लॉप्यांचा एक डबा अजून माळ्यावर आहे, शनिवारी जाऊन तो उतरवतो.